कडक इस्त्रीची लेस

मित्रांनो, मी धावण्याच्या बुटाची एक जुनी लेस आहे. कोणी मला नाडी म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात. माझा रंग मूळचा नारिंगी होता, असं सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. पण कधी काळी मीही नवी होते, आणि नव्या माणसाला असतो तेवढा तोरा मलाही होता.

माझा जन्म एका गोल यंत्रावर झाला. वीस-बावीस रिळं एकमेकांभोवती फेर धरून गरगर फिरत होती आणि त्यांच्या धाग्यांतून मी विणली जात होते. मला कापलं, दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या घट्ट बसवल्या, आणि माझ्यासारखीच दुसरी माझ्या शेजारी ठेवून कागदी पट्टा गुंडाळला. ती माझी जुळी बहीण. आमचं आयुष्य जोडीनंच जायचं होतं, फक्त तिच्या वाट्याला उजवा पाय आला आणि माझ्या वाट्याला डावा.

आम्ही पोचलो ते बूट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या टपरीत. त्यांच्या हातात कायम चामडं टोचायची आरी असायची, म्हणून सगळे त्यांना आरीकाका म्हणत. त्या टपरीत खिळ्याला लटकून आम्ही कितीतरी दिवस काढले. येणारा-जाणारा आमच्याकडे बघायचा आणि काळी लेस घेऊन जायचा.

एके दिवशी सकाळी दोन बहिणी आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या बाईंच्या मुली. धाकटीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण ती वाऱ्यासारखी धावायची. थोरली, म्हणजे ताई, तिच्या शेजारून धावायची. दोघींच्या मनगटांमध्ये एक आखूड दोरी असायची. ताईनं वळण सांगायचं, धाकटीनं पळायचं. धाकटीचा तो रोजचा नेम होता, एखादी बाई जपाला बसते तितक्याच मनोभावे ती पहाटे मैदानावर हजर व्हायची. आठ दिवसांनी तिची चाचणी होती. पंधराशे मीटर, पाच मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत. तेवढ्यात आली तर संघात जागा, नाही तर घरी. आणि नेमकी तिच्या डाव्या बुटाची लेस तुटली होती.

ताईनं लांबूनच मला हेरलं. तिला नारिंगी रंग हवा होता.

"रंग मागून बघू," आरीकाका म्हणाले. "आधी बूट दे इकडे."

त्यांनी बुटाची भोकं मोजली. सात जोड्या. मग समजावलं, की लेस रंगावर नाही, भोकांवर घ्यायची. आखूड पडली तर गाठीला टोक उरत नाही, लांब झाली तर पायात येते. सात जोड्यांना सहा वीत पुरेशी. एक तुटली तरी दोन्ही बदलायच्या, कारण जुनी ताणलेली असते आणि दोन पाय सारखे आवळले जात नाहीत. आणि पट्टीसारखी चपटी घ्यायची. गोल, गुळगुळीत लेस दिसायला छान, पण तिची गाठ सरकते.

एवढं सांगून त्यांनी चार लेस धाकटीच्या हातात ठेवल्या. तिनं प्रत्येकीवरून अंगठा फिरवला. माझ्यापाशी थांबली.

"ही जरा खरखरीत आहे. ही धरून ठेवेल."

मित्रांनो, मला कोणी रंगासाठी निवडलं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण हे शब्द मी जपून ठेवले.

आठ दिवस आम्ही मन लावून काम केलं. धूळ खाल्ली, घाम प्यायलो, पण सुटलो म्हणून नाही. धाकटी स्वतः चाचपून गाठ मारायची, ओढून बघायची आणि मगच उठायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या आईचं लक्ष आमच्याकडे गेलं. आई दिवसभर गरम इस्त्रीपाशी उभी असायची. मुलींना पळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं; सकाळचे कपडे सोडून कशी जाणार? पण घरातून बाहेर पडताना धाकटीच्या अंगावर एक चुणी दिसलेली तिला खपायची नाही. धुळकट, मळलेल्या लेस घालून पोर मोठ्या माणसांपुढे जाणार, हे तिच्या जिवाला लागलं. तिनं आम्हाला काढून धुतलं, डॉक्टरांचे कोट ज्या खळीत बुडवायची त्याच खळीत बुडवलं, वर फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि सकाळी पुन्हा बुटांत ओवून ठेवलं.

खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. अंग कसं ताठ झालं होतं! छडीसारखी सरळ, चकाकणारी. आपण आता साधीसुधी लेस उरलो नाही, असं मला वाटलं. धाकटीनं गाठ मारताना बोटं जरा थांबवली, पण चाचणी घेणाऱ्या बाईंची शिट्टी झाली आणि ती उठली.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत माझं मलाच कळलं, की मी सरकते आहे. गाठीत एकमेकींना धरायला अंग मऊ लागतं. मी तर पुठ्ठा झाले होते. आधी फासा ढिला झाला, मग गाठ उलगडली आणि माझी टोपी जमिनीवर टक-टक वाजू लागली.

ताईची नजर पुढच्या वळणावर होती. आवाज धाकटीनं ऐकला.

"ताई, लेस सुटली."

"थांबू?"

"थांब."

त्या कडेला थांबल्या. धाकटीनं गुडघा टेकून गाठ मारली, पण तिसऱ्या फेरीत मी पुन्हा सुटले. या वेळी तिनं माझी टोकं बुटात कोंबली आणि सैल बुटानंच पळत सुटली. शेवटच्या रेषेपाशी बाईंनी घड्याळ पाहिलं. सहा सेकंद उशीर.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, थोडक्यात हुकलेल्यांची पंधरा दिवसांनी आणखी एक चाचणी आहे, तीच शेवटची. पण ताईचा राग काही शमेना. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला मुठीत धरून टपरीवर गेली. धाकटीही बरोबर होती.

"चांगली म्हणून दिलीत, काका. पोर तोंडावर पडता पडता वाचली."

आरीकाकांनी मला हातात घेतलं. त्यांनी मला मधोमध वाकवलं, तर मी तशीच वाकलेली राहिले. नखानं खरवडलं, तर पांढरी भुकटी निघाली.

"हिला खळ कोणी घातली?"

ताईला आदल्या रात्रीची आईची खळ आठवली. परतताना वाटेत तिनं धाकटीला बजावलं, की आईला एक अक्षर सांगायचं नाही, ती मनाला लावून घेईल. मला कोणी काही विचारलं नाही, पण माझंही मन मला खात होतं. मी त्या ताठपणावर केवढी खूश झाले होते!

धाकटीनं मात्र घरी गेल्यावर सांगितलं. हळू आवाजात, आईचा हात धरून. आईनं इस्त्री उभी करून ठेवली. 

"तुला दिसत नाही," ती म्हणाली, "पण लोकांना तू दिसतेस ना. कोणी कीव करू नये म्हणून मी एवढं..."

"मला छान दिसायचंय, आई. पण पळून झाल्यावर."

ताईला हसू फुटलं, मग आईलाही, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

त्या दुपारी आईनं आमची खळ उतरवली. कोमट पाण्यात साबणाचा जरासा फेस, त्यात चोळून काढलं, मग तीनदा साध्या पाण्यातून खळबळून घेतलं. पिळलं नाही, फडक्यात दाबून पाणी टिपलं आणि सावलीत दोरीवर टाकलं. इस्त्रीकडे वळलेला हात तिनं स्वतःच मागे घेतला. मी वाळले तेव्हा अंग पुन्हा पहिल्यासारखं मऊ आणि जरा खरखरीत झालं होतं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पंधरा दिवस पुन्हा नेम सुरू झाला. आरीकाकांनी बुटाचं शेवटचं भोक वापरून टाच घट्ट बसवायला शिकवलं. आणि शेवटच्या चाचणीला आई आली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती मैदानाच्या कठड्याला धरून उभी राहिली.

त्या दिवशी मी काय केलं, ते थोडक्यात सांगते. मी धरून ठेवलं. एवढंच माझं काम होतं. चौथ्या फेरीत धाकटीचा श्वास फुलला, पाय जड झाले, ताई सारखी सांगत होती, "सरळ, सरळ, आता सरळच आहे." नियम असा, की सोबतीनं ओढायचं नाही आणि आधी रेषा ओलांडायची नाही. ताई अर्धं पाऊल मागे राहिली. धाकटी एकटी पुढे गेली.

पाच मिनिटं सदतीस सेकंद. बाईंनी आकडा दोनदा वाचला.

आई कठडा ओलांडून धावत आली. धाकटीच्या केसांचा झाडू झाला होता, सदरा घामानं चिकटून पार चुरगळला होता. आईचा हात सवयीनं तिची कॉलर सारखी करायला गेला. अर्ध्यावर थांबला. मग तो तिनं लेकीच्या ओल्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. धाकटीच्या बुटात आता नव्या लेस आहेत. तिनंच अंगठा फिरवून निवडलेल्या. माझी एक टोपी निघाली आहे, रंग उडाला आहे. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. घाईघाईत बूट ओरबाडून काढू नका, आधी आमची गाठ सोडा. मळलो तर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. कड झिजून धागे सुटू लागले, तर तुटायची वाट न बघता बदला. आणि कोणावर माया करावीशी वाटली, तर त्याला काय हवं आहे ते एकदा विचारा.

मला वाटलं होतं, माझी रवानगी कचऱ्यात होईल. पण आईनं स्वतःसाठी साधे बूट घेतले आणि त्यात आम्हा दोघी बहिणींना ओवलं. मुली पळतात तेव्हा तीही आता मैदानाला दोन फेऱ्या मारते. तिची गाठ अजून जरा सैलच असते. पण चालायला तेवढी पुरते, आणि उरलेलं मी सांभाळून घेते.