कधी न पडलेली गाडी

दलालाने खिशातून खडू काढला आणि तो गाडीभोवती फिरू लागला. पोचा दिसला की गोल, ओरखडा दिसला की फुली. टाकीवर तीन गोल, मागच्या मडगार्डावर दोन, आणि सायलेन्सरवर त्याने एक लांबलचक रेघ ओढून "याचं तर बोलूच नका" असा चेहरा केला. शंभर सीसीची गाडी ती, पाहणी मात्र अशी चालली होती की जणू विमान विकायला काढलंय.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर मास्तरीण बसली होती. डाव्या पायाचं प्लास्टर कालच निघालं होतं आणि पाय दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा तिने पुढे पसरून ठेवला होता. सगळे तिला मास्तरीण म्हणत, पण शाळेत ती कधी शिकवायला उभी राहिली नव्हती. ती बायकांना मोटरसायकल शिकवायची. गिअरची, क्लचची, खरीखुरी. अकरा वर्षांत दोनशेच्या वर बायका या एका गाडीवर तयार झाल्या होत्या. त्यांत नर्स होत्या, घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या होत्या, एक शिंपीण होती, आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावाही होत्या. एक सकाळी यायची, दुसरी संध्याकाळी.

त्यासाठी तिने गाडीत हवे ते बदल करून घेतले होते. सीट कापून चार बोटं खाली आणली होती. पुढेमागे जाड लोखंडी गार्ड लावले होते. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या उजव्या पायाखाली ब्रेकचं दुसरं पेडल बसवलं होतं. शिकणारी पुढे घाबरली की मास्तरीण मागे बसून गाडी थांबवायची.

दोन महिन्यांपूर्वी मात्र ती मागे बसलेली नव्हती, बाजूला उभी होती. एका शिष्येने घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर पिळला आणि गाडी मास्तरणीच्या घोट्यावर आली. दवाखान्यात मुलगा धावत आला. पांढराफटक पडला होता. "आता बास, आई. गाडी विकायची. शब्द दे," म्हणाला. घोटा ठणकत होता, मुलाचे डोळे भरले होते, तिने शब्द देऊन टाकला. गाडी गेली की शिकवणंही गेलं, हे दोघांनाही कळत होतं.

"मावशी, खरं सांगू?" दलाल खडूची भुकटी झटकत म्हणाला. "आहे अशी अठरा हजार. तीही घेणाऱ्याचे पाय धरून."

"आणि काम करून घेतलं तर?" मुलाने विचारलं. तो ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून आला होता आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता.

"मग बत्तीस कुठे गेले नाहीत, साहेब. हे दुसरं पेडल काढायचं. ते बघून गिऱ्हाईक विचारतं, ही गाडी आहे की शिलाई मशीन? गार्ड काढायचे, सीट नवी टाकायची. पोचे पुट्टीने भरायचे, वर रंग. आणि जाहिरातीत लिहायचं, बाईमाणसाने वापरलेली, एकहाती, कधी न पडलेली."

मुलगा हसला. मास्तरणीला हसू आलं नाही. पण शब्द दिलेला होता, म्हणून ती एवढंच म्हणाली, "कर तुला काय करायचं ते."

चार दिवसांनी दलालाचा फोन आला. गिऱ्हाईक येतंय, कागद घेऊन या. मायलेक रिक्षाने त्याच्या पत्र्याच्या शेडपाशी उतरले आणि मास्तरणीने गाडी पाहिली. लालभडक रंग, चकचकीत स्टिकर, उंच काळी सीट. केसांना कलप लावून लग्नाला निघालेल्या काकांसारखी ती दिसत होती. पोचे होते तिथे मास्तरणीने हात फिरवला. गुळगुळीत. अकरा वर्षं कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकावीत तसं तिला वाटलं आणि तिचं डोकं तापायला लागलं. शेडच्या कोपऱ्यात रंगाच्या डब्यांशेजारी दुसरं पेडल पडलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे तिशीचा एक माणूस आणि त्याची धाकटी बहीण. बहिणीला कामावर लांब जायचं होतं, गाडी तिच्यासाठी हवी होती. भाऊ टायर दाबून बघत होता, तेलाची पट्टी काढून बघत होता. बहीण पर्स छातीशी धरून उभी होती.

"हिला चालवायला येत नाही अजून," भाऊ म्हणाला. "म्हणून साधी, हलकी पाहिजे. पडलीबिडली आहे का कधी?"

"छे हो, दादा!" दलालाने कानाला हात लावला. "या मावशींची गाडी. घर ते बाजार. जमिनीला टेकलेली नाही कधी."

"खोटं," मास्तरीण म्हणाली.

मुलाने "आई" म्हणून तिचा दंड धरला. तिने दंड सोडवला, काठी टेकली आणि शेडमधल्या खुर्चीवरून उठून गाडीपाशी गेली.

"चारशे वेळा पडलीय. चारशेच्या पुढे मी मोजणं सोडलं. इथं, या रंगाखाली, शिंपिणीचा पोचा आहे. तिसऱ्या दिवशी भिंतीला धडकली. आज ती कपड्यांचे गठ्ठे बांधून दोन गावं फिरते. मडगार्डावरचे दोन त्या जावांचे, सारखेच, शेजारीशेजारी. सायलेन्सर एका नर्सने घासत नेला होता. ती आता रात्रपाळीला एकटी जाते, कोणी सोडायला लागत नाही. ही गाडी पडली म्हणून त्या उभ्या राहिल्या. आणि हा," तिने टाकीच्या खालच्या बाजूला बोट टेकवलं, "हा पहिला. गाडी घेतल्यावर महिन्याच्या आत. हा माझ्या मुलाचा."

मुलाने मान वळवून रस्त्याकडे बघितलं.

"पोरी, तूही पडशील," मास्तरीण त्या बहिणीला म्हणाली. "कधी न पडलेली गाडी सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नकोस. एक तर तो खोटारडा, नाहीतर ती गाडी कोणी चालवलेलीच नाही."

"मग मला हीच द्या की," बहीण हळूच म्हणाली.

"तू गप्प बस," भाऊ म्हणाला आणि तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत दलाल कपाळाला हात लावून उभा होता.

मग मुलाचा बांध फुटला. "काय मिळवलंस? आलेलं गिऱ्हाईक घालवलंस. शब्द दिला होतास तू मला!"

"दिला होता. पायात प्लास्टर असताना दिला. प्लास्टर निघालं."

"ही थट्टा आहे का? दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझं काय झालं असेल? कोणीतरी तुझ्या अंगावर गाडी पाडतं आणि तू त्यांची पोवाड्यासारखी वर्णनं करतेस! मी भितो, आई. रोज भितो."

पण ती मागे सरली नाही.

"भी. खुशाल भी. आईसाठी भिणारा मुलगा मला आवडतो. पण तुझी भीती आहे म्हणून माझं काम विकायला काढू नकोस. मी साठीची आहे, मेलेली नाही." मग ती दलालाकडे वळली. "रंगाचे किती, मजुरीचे किती?"

"मावशी, माझी दलाली पण बुडाली त्यात."

"नाही बुडाली. गिऱ्हाईक मिळालंय तुला, मीच घेते. बत्तीस हजारांवर जी होते ती दलाली घे, आणि तुझ्या तोंडाने म्हण, गाडी विकली. ते पेडल आण इकडे. गार्ड लाव. सीट जुनी लाव. रंग राहू दे, नवे पोचे पडायला जागा झाली."

दलालाने आयुष्यात बरेच व्यवहार केले होते, पण स्वतःचीच गाडी दलाली देऊन विकत घेणारी बाई त्याला आजवर भेटली नव्हती. तो हसत हसत पाने-पक्कड आणायला गेला. पेडल, गार्ड, सीट सगळं जागेवर यायला तास गेला.

"आता घरी कशी न्यायची?" शेवटी मुलाने विचारलं. आवाज अजून रागातच होता. "डॉक्टरांनी तुला दोन महिने गिअर टाकायचा नाही म्हणून सांगितलंय."

"तू ने."

"मला येत नाही. तुला माहितीय."

"माहितीय ना. दोनशे बायकांना शिकवलं आणि घरात सतरा वर्षांचा मुलगा होता त्याला शिकवता आलं नाही. का, सांगू? त्या दिवशी तू पडलास आणि मी धावले. बाकी कोणी पडलं तर मी कधी धावले नाही, पण तू पडलास तेव्हा ओरडत धावले, तुला उचललं, गाडी तिथेच टाकली आणि तुला रिक्षाने घरी आणलं. पुन्हा तू तिला हात लावला नाहीस. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

मुलाने घड्याळ काढून खिशात टाकलं.

शेडमागे मोकळी गल्ली होती. तिने खुर्ची तिथे मागवून घेतली आणि बसल्या जागेवरून सांगत राहिली. क्लच दाब. पहिला गिअर. आता हळू सोड. हळू म्हटलं मी! गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी ती निघाली, वीसेक हात सरळ गेली, मग हँडल डगमगलं आणि अठ्ठावीस वर्षांचा तो माणूस, ऑफिसच्या पांढऱ्या शर्टासकट, गाडीसह धाडकन आडवा झाला.

दलाल धावला. मास्तरणीने पुढून जाणाऱ्या त्याच्या शर्टाचं टोक पकडलं.

"थांब."

"अहो, लागलं असेल त्याला!"

"थांब म्हणते ना."

तिचा दुखरा पाय उठायला निघाला होता, तो तिने चांगल्या पायाने जमिनीवर दाबून धरला. मुलाने पडल्यापडल्या मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीवरून हलली नाही. कोपर खरचटलेला हात हँडलला लावून तो उठला आणि त्याने गाडी ओढली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पाठ लावून त्याने ती उभी केली आणि धापा टाकत तिथेच थांबला.

"पुन्हा," ती म्हणाली.