होडी झालेला सोफा

मी सोफा बोलतोय. घरातला नव्हे, नाटकातला. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर आजवर जेवढे बाप मुलांवर संतापले, तेवढे माझीच पाठ धरून संतापले.

माझे मालक नाना, पंचवटीतले. नेपथ्याचं सामान भाड्याने देतात. दिवाणखाना हवाय? सोफा, टेलिफोन आणि कुठेच न जाणारा जिना, सगळं एका टेम्पोत हजर. मग नवे दिग्दर्शक आले. आधी भिंती गेल्या. मग दार गेलं. दोन नट समोरासमोर उभे राहिले की झालं दार. मूठ कानाला लावली की टेलिफोन. प्रेक्षकांना सगळं दिसायचं, फक्त नानांना गिऱ्हाईक दिसेना.

शेवटी नानांनी ठरवलं, यंदाची स्पर्धा झाली की मला पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसला देऊन टाकायचं. तिथल्या वॉचमनला झोपायला. तरी जाता जाता त्यांनी सुमेधाबाईंकडे शब्द टाकला. बाई गोदावरीच्या पुरावरचं नाटक बसवत होत्या, तेही रिकाम्या रंगमंचावर.

"अहो बाई, निदान कोपऱ्यात तरी ठेवा."

"नाना, तुमचा सोफा आला की नाटक घराबाहेर पडतच नाही."

हे त्या माझ्यावर ऐसपैस बसून म्हणाल्या.

स्पर्धेत बाईंच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी एक कौटुंबिक नाटक होतं. त्यात बापाला धरायला मी होतोच, म्हणून अजून विंगेत पडून होतो. पडद्यामागचा यादव जुना माणूस. नारळ फुटला, उदबत्ती फिरली की त्याचे हात आपोआप सोफ्याकडे वळतात. तिसऱ्या घंटेला दिवे मालवले आणि त्याने मला सरकवत नेमकं मधोमध नेऊन ठेवलं.

पडदा उघडला. आल्हाद पुरात अडकलेला, मोहिनी नावाडीण. होडी दोघांच्या नुसत्या हालचालींतून दिसायची होती, आणि समोर बघतात तर मी. प्रेक्षकांत खसखस पिकली. विंगेत सुमेधाबाईंनी कपाळाला हात लावला. आल्हाद तर पार गोठला.

"होडी आहे ही," मोहिनी म्हणाली. "चढ."

तो चपलांसकट चढला. तिने हवेत वल्हं मारलं, तशा माझ्या म्हाताऱ्या स्प्रिंगा ओल्या लाकडासारख्या कुरकुरल्या. हसू थांबलं. पुढे आल्हाद माझ्या हातावरून पाण्यात कोसळला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या परीक्षकांनी चक्क पाय वर घेतले. घाबरलो मीही. मला कुठे पोहता येतं?

सोफ्याची होडी करणं ही फार धाडसी कल्पना, असं परीक्षक म्हणाले. यादवला झापायला निघालेल्या सुमेधाबाई अर्ध्या वाटेतून वळल्या आणि ती कल्पना सुचायला किती त्रास झाला ते सांगू लागल्या. नानांनी पॅकहाउसला नकार कळवला आणि माझं भाडं होडीचं लावलं.

तेव्हापासून मी डोंगर झालोय, तिरडी झालोय, एकदा सरकारी कचेरीही. तिच्यात चौघं झोपले होते. बसत मात्र कोणी नाही. ते म्हणे फार वास्तववादी दिसतं.

तेव्हा रसिकहो, प्रयोग संपला की मागे या. चहा घेऊन या, चपला काढा आणि घटकाभर सरळ माझ्यावर बसा. सुमेधाबाईंना मी सांगणार नाही.