पाच फूट आठ इंचांची लाल रेघ

मित्रांनो, मी उंची मोजायची एक जुनी सागवानी पट्टी आहे. आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात बास्केटबॉलचा हॉल आहे, त्याच्या भिंतीला मला चार स्क्रूंनी बसवलं आहे. मला घुण लागलेला नाही, मी वाकलेली नाही, आणि माझी कीव केलेली मला आवडणार नाही. मला फक्त माझी बाजू सांगायची आहे. माझं नाव पुढे करून आजवर पुष्कळ मुलींना घरी पाठवलं गेलं.

माझा जन्म निर्मलचा. लाकडी खेळणी करणाऱ्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं. पोपटांचे डोळे रंगवायच्या बारीक कुंचल्याने त्याच्या बायकोने माझ्यावर फूट आणि इंच लिहिले. सुधाकरराव नावाच्या तरुण व्यायामशिक्षकांनी मला बसने, अर्धी खिडकीबाहेर काढून, आदिलाबादला आणलं. आल्याबरोबर त्यांनी पाच फूट आठ इंचांवर स्वतःच्या हाताने एक लाल रेघ ओढली.

"खेळ मी शिकवीन," ते म्हणायचे, "उंची कुठून आणू?"

तीस वर्षं मुली माझ्यापाशी येत राहिल्या. कोणी टाचा उचलायची, कोणी केसांचा अंबाडा डोक्याच्या मधोमध बांधून यायची. सुधाकरराव माझी सरकती फळी डोक्यावर टेकवायचे, अंबाडा दाबायचे आणि आकडा वाचायचे. रेघेच्या वर असेल ती आत, खाली असेल ती घरी. वर्तमानपत्रात आमचा दोघांचा फोटोही छापून आला होता. मग ते निवृत्त झाले. माझ्यावर कोणी सायकल टेकवली, कोणी ओले टॉवेल वाळत घातले. तेही सोसलं.

दोन वर्षांपूर्वी आदिलाबादचा बास्केटबॉलचा व्यावसायिक महिला संघ उभा राहिला. मालक बाबाराव, कापसाच्या जिनिंग मिलवाले. त्यांनी सुधाकररावांना सल्लागार म्हणून बोलावून आणलं आणि मला पुसून घेतलं. लाल रेघ पुन्हा ठळक झाली. उंच आणि चांगल्या खेळाडू मोठ्या शहरांचे संघ आधीच घेऊन जात. मग आम्ही उरलेल्यांतल्या उंच तेवढ्या घ्यायचो. पहिल्या वर्षी आमचा संघ तळाला गेला. सलग दोनदा तळाला गेलेला संघ लीगमधून बाहेर, असा नियम होता. संघात एकच जागा रिकामी होती.

तेव्हा वल्लरी ही नवी प्रशिक्षक आली. आदिलाबादचीच मुलगी, शांत, जाड चष्म्याची. संक्रांतीच्या सुमारास ती गावोगावच्या सामन्यांना वही घेऊन जायची. बास्केट कोणी केली हे ती लिहीतच नसे. कोणती मुलगी मैदानात असताना तिच्या संघाने किती गुण केले आणि समोरच्यांनी किती, एवढंच लिहायची. अशी वही भरता भरता एक नाव वर आलं. भीमपूरकडची, कापूस पिकवणाऱ्या चंपतरावांची मुलगी, भाग्यलक्ष्मी. ती मैदानात असली की तिचा संघ कधी मागे पडत नसे.

वल्लरीने तिला चाचणीला बोलावलं. भाग्यलक्ष्मी पहिल्यांदा माझ्यापाशीच आली, सवयीने. फळी टेकली. पाच फूट दोन.

सुधाकररावांचा हात फळीवरच राहिला. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच तिला शाळेच्या संघाच्या निवडीतून परत पाठवलं होतं. माझ्यापाशीच.

बाबाराव खुर्चीतून हसले. "ताई, हे बास्केटबॉल हाये का लगोरी? थोडं जोरात वारं सुटलं तर ही पोरगी उडून जाईन."

"चाळीस मिनिटं द्या," वल्लरी म्हणाली. "नाही पटलं तर तुम्ही म्हणाल तिला घेते."

"चाळीस काय, पन्नास घ्या. मी कुठं चाललो?"

रविवारी सकाळी सामना लावला. एका बाजूला संघातल्या सर्वांत उंच पाच जणी, दुसऱ्या बाजूला राखीव चार आणि भाग्यलक्ष्मी. पहिली आठ मिनिटं झाली. भाग्यलक्ष्मीच्या नावावर एकही गुण नव्हता.

"शून्य!" बाबारावांनी मांडीवर थाप मारली. "भोपळा घेऊन आली की बाप्पा!"

वल्लरीने वही त्यांच्यासमोर धरली. राखीव मुली सतरा, उंच मुली आठ.

"नशीब हाये," बाबाराव म्हणाले. "काढा तिले बाहेर."

तिला बाहेर बसवून तिच्या जागी आणखी एक राखीव मुलगी घेतली. पुढच्या आठ मिनिटांत उंच मुलींनी सोळा गुण केले, राखीव मुलींनी सात. बाबाराव उठून मैदानाच्या कडेला गेले. "आता तिले उंच पोरींकडून खेळवा. पाहू काय करते!"

राखीव मुलींमध्ये तिच्या जागी एक उंच मुलगी गेली, आणि भाग्यलक्ष्मी इकडे आली. या वेळी मीही तिच्याकडे नीट पाहिलं. आजवर मी मुलींना उभ्या असलेल्याच पाहत आले होते. ती सगळीकडे होती, पण चेंडूपाशी फारशी नसायची. सोबतीण चकली की तिच्या मागची जागा ही आधीच भरायची. डावा हात आणि उजवा हात तिला सारखेच. पास कधी निघाला हे समोरच्या मुलीला तो गेल्यावर कळायचं. आठ मिनिटांत तिच्या बाजूचे एकवीस, समोरच्यांचे नऊ.

बाबाराव पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

सुधाकररावांनी तिला विचारलं, "कुठे जायचं ते तुला कळतं कसं गं?"

"त्यात काय कळाचं, सर? कापूस येचताना दोन्ही हात चालतेच. अन् आपली पात, म्हंजे वाट्याची ओळ, झाली का दुसरीच्या पातीत मागून शिराचं. तिनं हाक माराची वाट पाह्यली तर सारं वावर पडून राह्यते."

"अन् हे तू तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी म्हनलं, भिताडाले टेकून उभी राह्य."

सुधाकरराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता दोष माझ्यावर येणार. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "चूक पट्टीची नाही, माझी," ते म्हणाले. "बाबाराव, ती जागा हिची. नाही म्हणाल तर मी उद्यापासून येणार नाही."

"अरे, नाही कोण म्हणून राह्यलं!" बाबाराव खेकसले. "पाती मलेही समजतात, सर, कापसातच जन्म गेला माह्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण लीगच्या यादीत पाच-आठ लिहून टाका. समोरचे संघ हसतील ना. कोण येतं मोजायला?"

वल्लरीने पेन हातात घेतलं आणि भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं.

मित्रांनो, पुढे जे झालं त्यासाठी मी हे सगळं सांगितलं. भाग्यलक्ष्मीने बूट काढले, मोजे काढले. केसांचा रबर सोडून केस मोकळे केले. माझ्यापाशी येऊन टाचा भिंतीला चिकटवल्या आणि म्हणाली, "सर, फळी टेकवा. मोठ्यानं वाचा."

"पाच फूट दोन," सुधाकररावांनी वाचलं.

"हेच लिहा. हसू द्या. हसतीन तोवर माह्याकडं पाहणार नाहीत."

वल्लरीने लिहिलं: पाच फूट दोन.

मी कधी खोटं बोलले नाही, आणि बोलणारही नाही. मला विचाराल तर मी उंचीच सांगेन. पण माझ्याकडे बोट दाखवून कोणाला घरी पाठवू नका. आधी तिला खेळू द्या. भिंतीपाशी नव्हे, मैदानात पाहा, आणि चेंडू तिच्या हातात नसेल तेव्हाही पाहत राहा. एवढी तसदी घ्यायची नसेल, तर माझे चारही स्क्रू काढा आणि मला चुलीत घाला. सागवान आहे, चांगली जळेन.