गाठ अर्धी माझी, अर्धी त्याची

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे, तेही जोडीतले एकच. माझा जुळा भाऊ आणि मी एकाच खोडातून निघालो. करवत मधोमध फिरली, म्हणून लाकडातली एक काळी गाठ अर्धी माझ्या पात्यात राहिली, अर्धी त्याच्या. ही गाठ लक्षात ठेवा.

माझा मालक डिड्रिक, लॅटव्हियाच्या टोकावरचा, लिव्ह जमातीचा कोळी. आमच्या किनाऱ्यावर माणसाची ओळख खुणेवरून. वल्ह्यावर, पिंपावर, जाळे तरंगत ठेवणाऱ्या लाकडी ठोकळ्यावर घराची खूण कोरलेली असते. मुलाने स्वतःची होडी केली की तो बापाच्या खुणेत एक रेघ वाढवतो. डिड्रिकची खूण होती फुली आणि खाली दोन रेघा.

समुद्रापलीकडे सारेमा बेट. तिथले एस्टोनियन लोक आमचे दूरचे भाऊबंदच. त्यांचे बोलणे आम्हाला अर्धे कळते, उरलेले आम्ही सोयीने समजून घेतो. चोवीस वर्षांपूर्वी डिड्रिक धुरात सुकवलेले मासे देऊन राय नावाचे धान्य आणायला तिकडे गेला आणि बर्फात अडकला. माडली नावाच्या बाईच्या घरी तो एकशे बारा दिवस होता. चुलीशेजारी उभे राहून मी मोजले. निघताना माझ्या भावाला तिच्या भिंतीला टेकवून म्हणाला, "याचा जोडीदार घेऊन परत येतो."

गावात त्याने सांगितले की एक वल्हे समुद्राने नेले. त्याच उन्हाळ्यात तो घरजावई झाला. आमच्याकडे घरजावई बायकोच्या घराचे नाव घेतो, खूणही तिच्याच घराची लावतो. पाद्रीबुवांच्या वहीतून जुना डिड्रिक पुसला गेला. आमच्या किनाऱ्यावर त्याची खूण उरली ती फक्त माझ्यावर. एकटे असून मी किती टिकले, असे लोक कौतुक करत. मीही सुखावत असे, खोटे कशाला बोलू.

पुढे त्याच्या मुलीचे, लीझेचे लग्न सारेमाच्या कुस्तासशी ठरले. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा होते. हरकत असेल त्याने तिथेच बोलायचे. दोन रविवार शांततेत गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी कुस्तास आला. जावयाने आपले वल्हे घेऊन सासरच्या होडीत बसायचे, अशी रीत. त्याने गोणपाटात गुंडाळलेले वल्हे आमच्या छपरीत ठेवले.

"बाप बुडाला म्हणे," तो डिड्रिकला म्हणाला. "आईने त्याचं एवढंच दिलं."

तो गेल्यावर डिड्रिकने गोणपाट सोडले. फुली, दोन जुन्या रेघा, खाली तिसरी ताजी. माझा भाऊ. डिड्रिकने सुरी काढली आणि माझी खूण खरवडू लागला.

शेजारची ट्रीनेमावशी लीझेबरोबर जाळी घेऊन आली तेव्हा भुसा त्याच्या बुटांवर होता.

"काय रे डिड्रिक, वल्हं सोलून लग्नात शिजवतोस की काय?"

"किडलं होतं, मावशी."

"कीड नेमकी खुणेलाच लागली? शहाणी दिसते."

ट्रीनेमावशी हसत गेली. लीझे हसली नाही. तिने गोणपाट उलगडले, आम्हा दोघांना शेजारी टेकवले. काळी गाठ पुरी झाली.

"बाबा, सारेमाला तुम्ही कुणाकडे राहिला होता?"

"जुन्या गोष्टी उकरू नकोस."

"उद्या चर्चमध्ये तुम्ही बोलाल ना?"

त्याने सुरी म्यानात घातली.

रविवारी समुद्र वाऱ्याशिवाय काळा पडला होता. लीझे आम्हा दोघांना घेऊन चर्चमध्ये आली. लोकांना वाटले, रीतच असेल. पाद्रीबुवांनी वही चाळली; वहीला काही ठाऊक नव्हते. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारले. मागे कुणीतरी खोकले. डिड्रिक आपल्या बुटांकडे पाहत होता. लीझेने तेवढा वेळ त्याला दिला.

मग ती उठली. "माझी आहे."

तिने आम्हाला वेदीसमोर आडवे ठेवले, गाठीला गाठ लावून. कुस्तास वाकला, गाठीवरून बोट फिरवले, आणि मान वर करून डिड्रिककडे पाहिले.

"बर्फ फुटलं की आई दरवर्षी किनाऱ्यावर जाऊन उभी राहते," तो म्हणाला. "बुडालेल्या माणसाची कोण वाट बघतं, मला कळायचं नाही."

मित्रांनो, कुस्तास परत गेला. माझ्या भावाला त्याने नेले नाही. आम्ही छपरीत शेजारी शेजारी आहोत, आणि डिड्रिक आता त्या बाजूला फिरकत नाही. लीझे मात्र महिन्यातून एकदा आम्हाला तेल लावते. तुमच्या घरी जुनी वस्तू असेल, तिच्यावर कुणाची खूण असेल, तर तिला सुरी लावण्याआधी ती खूण कुणाची, हे घरात विचारा. सांगणारे माणूस जिवंत आहे तोवर विचारा.