पडदा दाखवायला हवा

आवाज आहे, चित्र नाही

रविवारी दुपारी डॉक्टर आणि त्याची बायको सासऱ्यांकडे पोचले, तेव्हा सासरे टीव्हीसमोर बसून खो खो हसत होते. आणि टीव्ही काळाठिक्कर होता.

डॉक्टर म्हणजे टीव्हीचा. हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. लग्न ठरलं तेव्हा कुणी विचारलं, जावई काय करतो, की म्हणायचे, "डॉक्टर आहे." समोरच्याचा चेहरा पुरता खुलू द्यायचे आणि मग हळूच जोडायचे, "टीव्हीचा." पुढे गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. आता बायकोसुद्धा चिडली की म्हणते, "डॉक्टरसाहेब, ताट उचला."

टीव्हीचा आवाज खणखणीत होता. एक नवरा, एक बायको, मधूनमधून विकतचं हसू. सासरे त्या विकतच्या हसण्याच्याही किंचित आधी हसत होते.

"बाबा, चित्र कधी गेलं?"

सासऱ्यांचं हसू ओठांवरच राहिलं. "गेलं?" मग सावरून म्हणाले, "हां, गेलं. आत्ताच गेलं बघा. तुम्ही जिना चढत असाल तेव्हा."

"यांचा पायगुण," बायको म्हणाली आणि पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टरला खरं तर बरंच वाटलं. सासुरवाडीत नुसतं बसून राहणं त्याच्या जिवावर यायचं. आणि आवाज आहे पण चित्र नाही, हे दुखणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. नवख्याला वाटतं टीव्ही मेला. मेलेला नसतो. चित्र जागच्या जागी असतं, हलत असतं, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलेला असतो. अंधाऱ्या खोलीत एखादा बोलत बसावा तसं.

खात्री करायची रीत सोपी. खोलीत अंधार करायचा, टॉर्च काचेला टेकवून तिरपा धरायचा. चित्र असेल तर त्या उजेडात भुतासारखं पुसट उमटतं. ते दिसलं की निदान पक्कं: बॅकलाइट गेला.

त्यानं खिडकी झाकली. खिशातून टॉर्च काढला, काचेला टेकवला.

"या बाबा, गंमत दाखवतो. वाकून बघा इथे. माणूस दिसतोय का बोलताना?"

सासरे उठून आले, वाकले. "हो की! दिसतोय ना. अगदी स्पष्ट."

डॉक्टरचा अंगठा टॉर्चच्या बटणावर होता.

टॉर्च अजून लावलाच नव्हता.


टॉर्च

मग त्यानं तो लावला. पण काचेवर नाही. का ते त्यालाही कळलं नाही, हात आपोआप सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे वळला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. मान वाकडी केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून उजेड शोधला. सापडला तेव्हा म्हणाले, "अहो डॉक्टर, पेशंट तिकडे आहे."

"बाबा, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"टीव्ही बंद पडून."

सासऱ्यांनी आतल्या भांड्यांच्या आवाजाचा कानोसा घेतला. "ते मला कसं कळणार?" ते हलक्या आवाजात म्हणाले.


शंभर

अशा वेळी माणूस काय करतो? डॉक्टरनं रिमोट उचलला. टॉर्चच्या उजेडात, काचेला नाक लावून, तो सेटिंगमध्ये शिरला. पुसट अक्षरं एकेक करून सरकली. बॅकलाइट: शंभर.

गिऱ्हाइकांना तो कानीकपाळी ओरडून सांगायचा, बॅकलाइट अर्ध्यावर ठेवा, पूर्ण चढवलात तर दिवे तापून जळतात. आणि इथे शंभर. कुणी केला?

त्यानंच.


हा प्रसंग डॉक्टर दुकानात विनोद म्हणून सांगायचा

सासरे: डॉक्टर, पडदा खराब होतोय म्हणे.

डॉक्टर: कोण म्हणे?

सासरे: तपासलं त्यांनी परवा. मला पण काळे ठिपके दिसतात हल्ली. मधेच सगळं धुरकट होतं.

डॉक्टर: त्यांनी म्हणजे? तो कोपऱ्यावरचा टीव्हीवाला आला होता? बाबा, त्याला साधी वायर जोडता येत नाही, तो पडदा काय तपासणार!

सासरे: नाही, म्हणजे... पडदा डॉक्टरला लवकर दाखवायला हवा, असं म्हणाले.

डॉक्टर: मग दाखवलात की! डॉक्टर समोर बसलाय!

इथे दोघंही हसले होते. सासरे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डॉक्टरनं रिमोट घेतला, बॅकलाइट चढवत चढवत शंभरवर नेला. स्वतःच्या सासऱ्यांसाठी नाही चढवायचा तर कुणासाठी?

"आता?" त्यानं विचारलं.

"आता... हो. आता लख्ख."

दुकानात सांगताना तो शेवटी म्हणायचा, "आणि त्या कोपऱ्यावरच्याचं दुकान असं बंद पाडलं मी."


तोच प्रसंग, टॉर्च मारून

पडदा खराब होतोय म्हणे.

—

तपासलं त्यांनी परवा. मला पण काळे ठिपके दिसतात हल्ली. मधेच सगळं धुरकट होतं.

—

नाही, म्हणजे... पडदा डॉक्टरला लवकर दाखवायला हवा, असं म्हणाले.

—

शब्द तेच आहेत. डॉक्टरनं त्या रविवारी दुपारी ते मनातल्या मनात उलटेपालटे करून पाहिले, एकही बदललेला नव्हता. सासऱ्यांना साखर होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दर थोड्या महिन्यांनी ते साखर तपासायला जातात, हेही. 'त्यांनी' म्हणजे कोण हे कळायला टीव्हीचा डॉक्टर असण्याची गरज नव्हती. नसता तरच कळलं असतं.

आणि सासऱ्यांनी तेव्हाच त्याला का अडवलं नाही? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि लगेच परतही घेतला. विनोद त्यांचाच होता. वर्षानुवर्षं पोसलेला. जावई इतका मनापासून हसत असताना त्याला मधेच कोण थांबवून सांगणार, की अहो, यावेळी खरा डॉक्टर?


खरी डॉक्टर

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. तिच्या खोलीतही अंधार होता आणि तिच्याही हातात छोटा उजेड होता. तिनं तो सासऱ्यांच्या डोळ्यांत बराच वेळ फिरवला.

"डाव्या पडद्यात आता फारसं काही राहिलेलं नाही. उजव्यात आहे तेवढं राखायला लेझर करू."

"बदलता नाही का येत?" डॉक्टर म्हणाला.

"काय?"

"पडदा."

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खुर्चीत जरा मागे सरकला.

"पडदा बदलता येत नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "साखरेमुळे जातं ते हळूहळू जातं. वेळेत आला असतात तर बरंचसं वाचलं असतं. तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?"

टीव्हीच्या डॉक्टरनं तोंड उघडलं.

"सांगितलं होतं," सासरे म्हणाले. "मीच आळस केला."

"आळस!" बायको म्हणाली. "आळस म्हणे! भाजी निवडताना एक अळी सोडत नव्हतात तुम्ही, आणि डोळे..."

परतताना रिक्षात ती वडिलांना बोलतच राहिली, आणि ते पदरात पडेल तेवढं निमूट घेत राहिले. डॉक्टर मधे बसला होता. एकदा तो म्हणाला, "अगं, खरं म्हणजे..." तर सासऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. चुकून ठेवल्यासारखा. आणि दाबला.

तो गप्प बसला. हे गप्प बसणं आता जन्मभर पुरणार, एवढं त्याला तेव्हाही कळलं.


मागचं झाकण

त्यानं टीव्ही दुकानात नेला. गादीवर पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं, मग सुलटा करून काच अलगद बाजूला ठेवली. आत दिव्यांच्या पट्ट्या. दिवे माळेत ओवलेले, एक गेला की अख्खी माळ विझते. एका दिव्यावर भाजल्याचा काळा ठिपका होता, मधोमध.

एक दिवा बदलून भागलं असतं. त्यानं सगळ्या पट्ट्या बदलल्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मित्राला घेऊन डोकावलं. "काय डॉक्टर, तो सासऱ्यांचा किस्सा सांगा ना यांना, पडद्याचा..."

"तो किस्सा संपला," डॉक्टर म्हणाला.


चित्र

टीव्ही पुन्हा भिंतीवर चढला. बॅकलाइट अर्ध्यावर. बायको खाली औषधं आणायला गेली होती. सासरे खुर्चीत बसले, मान वाकडी करून, उजव्या डोळ्याचा उरलेला कोपरा पडद्याकडे धरून.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही सांगत होतात. पडद्याचं. मी..."

"टीव्ही लागला का?"

"लागला." तो थांबला. "मी तिला सांगणार आहे."

"आणि मग? ती मला बोलते ते तुम्हाला बोलेल. माझी सवय आहे ऐकायची." सासऱ्यांनी खुर्ची चाचपली, नीट टेकून बसले. "ते सोडा. काय दिसतंय?"

डॉक्टरनं सवयीनं पडदा न्याहाळला. चारी कोपरे, मग मधला भाग. "एकदम छान. रंग बरोबर, उजेड सगळीकडे सारखा. ठिपका नाही, रेघ नाही."

"अहो, चित्र कसं आहे ते नाही विचारलं. चित्रात काय आहे?"

डॉक्टर गोंधळला. आयुष्यभर त्यानं हजारो टीव्ही पाहिले होते. टीव्हीवर काय चाललंय, हे कधीच पाहिलं नव्हतं.

"एक बाई आहे," तो म्हणाला.

"कशी?"

"बाईसारखी बाई."

"डॉक्टर," सासरे म्हणाले, "असं सांगितलंत तर मी आंधळाच होईन. नीट सांगा. हसते की रडते?"

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली, त्यांच्या उजव्या बाजूला. पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रडत नाहीये," तो म्हणाला. "पण रडून झालंय तिचं. दार उघडं आहे. ती दाराकडे बघतेय, आणि तिथे एक माणूस उभा आहे. त्याला काहीतरी बोलायचंय, पण..."

"पण?"

"थांबा बाबा. अजून बोलला नाही तो."