वॉरंटी वाढवायचा शेवटचा दिवस

टॅब पडला तो सुनेच्या हातून. चार्जरची वायर कपाटाच्या मुठीत अडकली होती, तिनं घाईत ओढली आणि टॅब कोपऱ्यावर आपटला. उचलून पाहिला तर खाली उजव्या कोपऱ्यात केसाएवढा तडा. तो टॅब म्हणजे तिच्या सासऱ्यांचा आवाज होता.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हे, शिलाईतले. उभा जन्म त्यांनी कोट-पँटी शिवल्या. घशाच्या आजारात स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं, त्यावर ते स्वतः शिवलेली मऊ सुती पट्टी बांधत. गंमत अशी, की आवाज होता तोवर मास्तर एका एका शब्दाला महाग. मापं सांगण्यापुरतं तोंड उघडायचे. मग मुलानं टॅब आणून दिला. त्यावर एका बोटानं टाइप करायचं, कोपऱ्यातलं ‘बोला’ हे बटण दाबायचं, की बातम्या देणाऱ्यासारखा खणखणीत पुरुषी आवाज वाक्य बोलून दाखवी. म्हातारपणी मास्तरांना कंठ फुटला. भाजीवाल्याशी घासाघीस काय, शेजाऱ्यांची फिरकी काय! सून एका दंतवैद्याकडे मदतनीस होती. ती घरी आली की आज कोण किती ओरडलं हे ते खोदून खोदून विचारत.

टॅब घेताना दुकानदारानं वाढीव वॉरंटी सुचवली होती. मूळ वॉरंटीत काच फुटणं येत नव्हतं, वाढीव वॉरंटीत येत होतं. ‘महिन्याभरात कधीही घ्या,’ असं तो म्हणाला होता. मुलगा ‘बघू’ म्हणून दूरच्या पुलाच्या कामावर निघून गेला. ते बघणं राहूनच गेलं, आणि महिना उद्या संपत होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

“तडा दिसतोय?” त्यानं विचारलं.

“नीट पाहिलं तर दिसतो.”

“मग उद्या जा आणि वॉरंटी घेऊन टाक. दोन महिन्यांनी सांगू, काल पडला म्हणून.”

“अरे, पण हे खोटं...”

“हात दाखवून अवलक्षण कशाला? गप्प बसायचं, एवढंच. आणि बाबांना काही बोलू नकोस, ते तिथे सत्यवादी होऊन बसतील.”

पण मास्तरांना कळायचं ते कळलं होतं. सकाळी ती उठून पाहते तर टॅबला नवं कापडी कव्हर. चारी बाजूंनी रुंद काठ, टिचबटणं, खांद्याला अडकवायला पट्टा. रुंद काठाखाली तडा पार झाकला गेला होता. मास्तर मशीनवर तेल सोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. बाबांनाही पटलंय तर, असं तिनं मनाशी धरलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही.

“बाबा, दुकानात मी एकटी जाऊन येते,” ती म्हणाली.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि चपला घातल्या.

दुकानात गर्दी होती. भिंतभर टीव्ही एकच चित्र दाखवत होते. काउंटरवरच्या तरुण विक्रेत्याच्या शर्टाला घामाचे डाग पडले होते, आणि मागून मॅनेजर सारखा विचारत होता, “आज किती वॉरंट्या झाल्या रे?”

“वाढवायचीय ना? छान,” विक्रेता म्हणाला. “टॅब व्यवस्थित आहे ना, ताई?”

“हो,” ती म्हणाली.

“चारी बाजूंनी फोटो काढावे लागतात. कव्हर काढा जरा.”

फोटोचं तिला ठाऊक नव्हतं. “घट्ट आहे हो. हातानं शिवलंय. नाही काढलं तर?”

“कंपनीचा नियम आहे.”

तिनं पहिलं टिचबटण काढलं. दुसऱ्यावर ती अडली. रांगेतल्या मागच्या बाईनं घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात मास्तरांनी हात पुढे करून टॅब आपल्याकडे ओढला आणि टाइप करायला लागले.

सून बाजूनं अक्षरं वाचत होती. ‘काल हा’ एवढं उमटलं. काल हा पडला, काल हा सुनेनं पाडला, काल हा फुटला. वाक्य कुठेही गेलं तरी शेवटी तिच्याच तोंडावर येऊन आदळणार होतं. नुकतंच ती ‘हो’ म्हणाली होती. आणि तो आवाज हळू बोलत नसे, सगळं दुकान ऐकणार होतं. ‘काल हा टॅ’ पर्यंत बोट आलं आणि थांबलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेक अक्षर मागे जात पुसलं आणि नव्यानं लिहायला घेतलं.

त्यांनी ‘बोला’ दाबलं. बटण नेमकं तड्याच्या जवळ होतं, लागेना. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा आवाज आला, “दुरुस्तीला दिला तर परत कधी मिळतो?”

विक्रेता दचकला, मग सावरला. “साधारण तीन आठवडे, काका.”

“तोवर दुसरा देता?”

“नाही, तशी सोय नाही.”

“मग तीन आठवडे मी मुका?”

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. विक्रेत्यानं टॅब हातात घेतला, सैल झालेला काठ त्याच्या अंगठ्याखाली सरकला आणि त्याला तडा दिसला. त्यानं तो पाहिला हे सुनेनंही पाहिलं.

त्यानं मॅनेजरकडे एक नजर टाकली आणि काउंटरवर वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, मी फोटो कव्हरसकट काढतो. वरवर. कोण बघतंय? तुमचंही काम होईल, माझंही. लगेच ठरवा.”

आता नुसती मान हलवायची होती. खोटं बोलायचीही गरज नव्हती. घरी मास्तर गप्प बसलेले तिनं पाहिले होते. ऑपरेशननंतरचे ते दिवस, पाटीवर खडूनं लिहिणं, लिहून होईतो समोरचा निघून जाणं. काच पूर्ण गेली तर पुन्हा तेच. तिची मान हलायला लागली होती.

मास्तरांनी दोनच अक्षरं लिहिली आणि बटण दाबलं. लागेना. त्यांनी बोट आपटलं, पुन्हा आपटलं, आणि टॅब एकदमच बोलत सुटला. “नको. नको. नको.”

बाहेर फुटपाथवर आल्यावर ती उसळली. “मग कव्हर कशाला शिवलंत? मला वाटलं, तुम्हालाही चालेल!”

मास्तर बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ टाइप करत राहिले. रहदारीत ऐकू येईना, म्हणून तिनंच वाकून वाचलं. ‘काच बोटाला लागत होती म्हणून शिवलं. तिथं खरं सांगायला गेलो, तर तू खोटी पडत होतीस. खोटं मला जमेना. मग उरलं काय?’

ती शेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि मास्तरांसमोर रडायचं नव्हतं. “पाडला मी. भुर्दंड सगळ्यांना. आणि उद्या बंद पडला तर?”

त्यांनी खांदे उडवले. मग लिहिलं, ‘त्याचं बघू. तुझा नवरा बघू म्हणतो तसं नाही. आत्ता बघू.’

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईचं टपरीवजा दुकान होतं. तिनं भिंगाखाली तडा पाहिला. “पुढे सरकेल. आज नाहीतर उद्या. मग काच बदलावी लागेल.” सुनेनं विचारलं, तोवर बोलायला काही मिळेल का. बाईनं ड्रॉवर उपसून एक जुना, ओरखडलेला फोन काढला, त्यात बोलणारं अ‍ॅप टाकून दिलं आणि मास्तरांकडून दोन-तीन वाक्यं बोलवून घेऊन खात्री केली. वॉरंटीला आणलेल्या पैशांत तो सहज बसला.

नवरा फोनवर भडकला. “हातात आलेलं घालवलंत,” म्हणाला. काही दिवस तो नीट बोललाच नाही. आणि त्याचं अगदीच चूक नव्हतं. पुढच्या महिन्यात तडा अर्ध्या पडद्यावर पसरला, ‘बोला’ साफ बंद झालं, आणि काच बदलायला चांगलाच खर्च आला. पैसे मोजताना सुनेच्या मनात आलंच, की त्या दिवशी मान हलवली असती तर!

टॅब दुरुस्तीला होता, तेव्हा एकदा मास्तरांनी ‘मुलाला फोन लाव’ असं सुनेला जुन्या फोनवर लिहून दाखवलं. तिनं आपल्या मोबाइलवरून लावला आणि जुना फोन त्याच्याजवळ धरला. जुन्या फोनमध्ये एकच आवाज होता, कुठल्याशा गोड गळ्याच्या बाईचा.

“रागावलास का माझ्यावर?” बाईनं विचारलं.

सुनेनं ओठ दाबून धरले.

“कोण बोलतंय?” मुलगा गोंधळला.

“तुझा बाप,” बाई लाडानं म्हणाली.

तो असा हसला, की त्याला खोकला लागला. “नाही हो बाबा, नाही रागावलो,” तो म्हणाला. “पण फोन स्पीकरवर आहे, साइटवर सगळे ऐकतायत. पुढचं जरा लेखी कळवा.”