गालात धरलेली मनुका

लेकीचा, खारूचा, डावा गाल सुजला, तेव्हा धाकटीने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. कपड्यांना काजं-बटणं करणाऱ्या बाईला अशी रजा सुखासुखी मिळत नाही. मुकादमाने फोनवर काय सुनावलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावरून कळतच होतं.

"ताई, तुम्ही पण चला," ती थोरल्या जावेला म्हणाली. "तुमची मांडी सोडून ही कुठे बसायची नाही."

थोरलीने मान डोलावली. बोलली नाही, कारण दुपारची प्रार्थना होईपर्यंत ती बोलत नसे. मूल व्हावं म्हणून धरलेलं हे मौन. पुढे मूल मागणं सुटलं, मौन तेवढं राहिलं. घरात सगळ्यांना तिच्या खुणा पाठ होत्या. धाकटा दीर म्हणायचा, "वहिनी गप्प राहून जेवढं बोलतात, तेवढं मला दिवसभर बोलूनही जमत नाही."

धाकटीला मुलगी झाली आणि थोरलीच्या सकाळी भरून गेल्या. आई कामावर गेली की खारू तिच्या मोठ्या आईची.

दवाखाना औषधांच्या दुकानाच्या वर होता. खुर्चीच्या बरोबर वर, छतावर, कागदी मासे चिकटवलेले. थोरली खुर्चीत टेकून बसली आणि खारूला तिने मांडीवर घेतलं. धाकटी पर्स पोटाशी धरून शेजारी उभी राहिली.

"आ कर बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठा. मगरीसारखा."

"मगर चावते."

"म्हणून तर हातमोजे घातलेत मी."

खारू हसली, आणि त्या हसण्यात छोटा आरसा आत गेला. डॉक्टरबाईंनी उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली. मग दिवा बाजूला सारला.

"एक दाढ काढावी लागेल. दुसरीत सिमेंट भरता येईल."

"दुधाचेच दात ना, बाई? पडणारच की," धाकटी चाचरत म्हणाली.

"या दाढा एवढ्यात पडत नाहीत. शाळेची बरीच वर्षं त्यांच्यावरच चावायचं असतं, आणि खालच्या नव्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात." त्यांनी धाकटीला जवळ बोलावून आरसा दाखवला. "हे बघा. उजवीकडे एक डाग नाही. डावीकडे मात्र वरखाली पोखरलंय, तेही गालाच्या अंगाने. काहीतरी गोड, चिकट, इथे रोज बराच वेळ धरलेलं असतं. काय ठेवते ही गालात?"

थोरलीने खारूच्या सुजल्या गालाकडे पाहिलं.

ती माळ घेऊन बसली की खारू चिवचिव करायची. मोठी आई, बोल ना. मोठी आई, इकडे बघ ना. म्हणून तिने एकदा मनुका मधात बुडवून पोरीच्या डाव्या गालात ठेवली आणि खुणेने सांगितलं: चावायची नाही. विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. हे तुझं मौन. पोरीला ते इतकं आवडलं, की ती आपण होऊन आ वासून समोर बसू लागली. गोळ्या-चॉकलेटांना थोरलीने घरात कधी थारा दिला नव्हता. पण मध आणि मनुका म्हणजे देवाच्या घरचं. त्याने काय वाईट होणार? शेजारणींना ती कौतुकाने सांगायची, आमची खारू प्रार्थनेला कशी मूर्तीसारखी बसते म्हणून.

आता खारूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मी नाही सांगणार, काळजी करू नकोस, असं.

थोरलीने नजर खाली घातली.

"आई, तुम्हाला विचारतेय मी," डॉक्टरबाई धाकटीला म्हणाल्या. "किती गोड दिलं, यापेक्षा ते तोंडात किती वेळ राहिलं ते महत्त्वाचं. दातांना मध्ये उसंतच मिळाली नाही, तर ते किडणारच. कामाच्या घाईत मुलांच्या हातात काहीतरी देऊन मोकळं व्हायचं, असं होतं का?"

धाकटीचे डोळे भरले. "संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत कधीतरी बिस्कीट देते. तेच असेल. दमून येते हो, लक्ष राहत नाही. माझंच चुकलं."

थोरलीला मौन होतं. देवाला शब्द दिलेला होता. घरी गेल्यावर, प्रार्थना आटोपली की धाकटीला जवळ बसवून शांतपणे सांगू, असं तिने मनाशी ठरवलं, आणि ठरवताच तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली. देवाला मध्ये घालून आपण एका आईच्या आडोशाला बसलोय, आणि ती समोर डोळे पुसतेय.

"मी देते," ती म्हणाली.

सकाळच्या वेळी कधी न ऐकलेला तिचा आवाज ऐकून धाकटी दचकली. खारू तर मांडीवरच उसळली. "मोठी आई, बोललीस!"

"मी देते तिला. मनुका. थोडीशीच, प्रार्थनेच्या वेळी."

"थोडीशी नाही काही," खारू म्हणाली. आता बोलायला मोकळीक मिळाली असं तिला वाटलं असावं. "मधातली. संपली की मोठी आई दुसरी देते. चावायची नसते, डॉक्टर. चावली की मौन मोडतं."

कुणीच हसलं नाही. डॉक्टरबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "माफ करा," त्या तिला म्हणाल्या. थोरलीला वाटलं, हे दोन शब्द आपण म्हणायला हवे होते, तेही यांनीच म्हटले.

औषध लिहून मिळालं. सूज उतरली की शनिवारी दाढ काढायची ठरली. जिन्यातून उतरताना धाकटीने खारूला कडेवर घेतलं होतं. एवढी मोठी पोर, पण खाली सोडली नाही.

रस्त्यावर आल्यावर थोरली म्हणाली, "अगं, मला खरंच ठाऊक नव्हतं. मधाने असं होतं हे—"

"मनुकेचं नाही हो काही, ताई." धाकटी थांबली. "माझ्या हातूनही झालं असतं. पण बाई मला बोलत होत्या आणि तुम्ही ऐकत बसलात. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

थोरलीने मान खाली घातली.

"शनिवारी हिला मीच घेऊन येईन. एकटी."

"रजा मिळायची नाही तुला."

"बघेन मी."

खारूने आईच्या खांद्यावरून हात पुढे केला. "मोठी आई पण हवी. तिच्याच मांडीवर बसणार मी."

धाकटीने तो हात धरून आपल्या गळ्याभोवती घेतला. थोरलीने मान हलवली, बरं, तू म्हणशील तसं, अशी. घरातल्या सगळ्यांना पाठ असलेली खूण.

"मान नका हलवू, ताई," धाकटी म्हणाली. "तोंडाने सांगा."

"बरं," थोरली म्हणाली. मग ती आणखी म्हणाली, "चुकलं माझं. तिथेच म्हणायला हवं होतं."

धाकटीने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली, सावकाश, थोरलीला बरोबर येता येईल अशी. पण थोरलीच्याने तिच्या जोडीने चालवेना. ती मागेच राहिली.